योनास याब्लोन्स्किस आणि लिथुआनियन भाषेचा विस्तार

१

तौलनिक भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला लिथुआनियन भाषेचे नाव अपरिचित नसते. इंडो-युरोपीय कुळातील बाल्टिक शाखेच्या ज्या दोन प्रमुख भाषा आज जिवंत आहेत, त्यांपैकी ही एक; दुसरी लॅटव्हियन. संस्कृत जाणणाऱ्या वाचकाला या भाषेतील कित्येक शब्द ओळखीचे वाटतात. मुलगा या अर्थी संस्कृतात ‘सूनु’ तर लिथुआनियनमध्ये ‘सूनुस’, मेंढी या अर्थी ‘अवि’ आणि ‘अविस’, ‘धूम’ आणि ‘दूमास’, ‘अग्नि’ आणि ‘उग्निस’, ‘देव’ आणि ‘दिएवास’, ‘स्वप्न’ आणि ‘साप्नास’ अशा जोड्या सहज सांगता येतात. नामाच्या सात विभक्ती आजच्या बोलण्यातही टिकून आहेत. या साम्यामुळेच सुनीतिकुमार चटर्जी यांच्यासारख्या भारतीय भाषाशास्त्रज्ञाने बाल्ट आणि आर्य यांच्या संबंधांवर १९६८ मध्ये स्वतंत्र ग्रंथ सिद्ध केला.

एकोणिसाव्या शतकातील जर्मन पंडितांनाही या भाषेचे असेच आकर्षण होते. आउगुस्ट श्लायखर यांनी १८५२ मध्ये पूर्व प्रशियातील लिथुआनियन वस्तीत राहून ही भाषा प्रत्यक्ष बोलणाऱ्यांच्या तोंडून ऐकली आणि १८५६ मध्ये तिचे व्याकरण प्रसिद्ध केले. फ्रीड्रिख कुर्शात यांचे व्याकरण १८७६ मध्ये आले. परंतु या कीर्तीत एक विपर्यास होता. विद्यापीठांतून जिच्या रूपांची चर्चा होई, ती भाषा तिच्या स्वतःच्या प्रदेशात शेत, घर आणि चर्च यांच्यापलीकडे फारशी जात नव्हती. न्यायालय, शाळा आणि कचेरी रशियनमध्ये चाले. सरंजामदार, वरिष्ठ धर्मगुरू आणि शहरी सुशिक्षित पोलिश बोलत. पंडितांच्या लेखी ती प्राचीनतेचा पुरावा होती, बहुतेक सुशिक्षितांच्या लेखी शेतकऱ्यांची बोली. वर्तमानपत्र, पाठ्यपुस्तक, कायदा आणि विद्यापीठीय व्याख्यान यांची भाषा म्हणून तिचा विचार करणारे फार थोडे होते. त्या थोड्यांपैकी ज्यांनी हा विचार व्याकरणाच्या रूपाने प्रत्यक्षात आणला, ते योनास याब्लोन्स्किस होत. भाषेचा विस्तार म्हणजे काय, ती बोलणाऱ्यांची संख्या की तिच्यातून चालणाऱ्या व्यवहारांची व्याप्ती, हा प्रश्न त्यांच्या चरित्रातून फार स्पष्टपणे पुढे येतो.

२

याब्लोन्स्किस यांचा जन्म ३० डिसेंबर १८६० रोजी कुबिलेल्याय या खेड्यात, एका शेतकरी कुटुंबात झाला. त्यांचे बालपण त्याच परिसरातील रीगिश्क्याय या गावी गेले. पुढे त्यांनी या गावाच्या नावावरूनच ‘रीगिश्क्यू योनास’, म्हणजे रीगिश्क्यायचा योनास, असे टोपणनाव घेतले आणि आपले प्रमुख व्याकरणग्रंथ त्याच नावाने प्रसिद्ध केले. हा सगळा प्रदेश सुवाल्किया या नावाने ओळखला जातो. तो त्या वेळी रशियन साम्राज्यात होता. मात्र जवळचे नाउमिएस्टिस हे गाव अगदी प्रशियाच्या सीमेवर वसलेले होते.

ही सीमा राजकीय होती तशीच ती मुद्रणाचीही होती. १८६३ च्या उठावानंतर रशियन शासनाने लिथुआनियन मजकूर लॅटिन लिपीत छापण्यास बंदी घातली. १८६४ पासून १९०४ पर्यंत, चाळीस वर्षे, ही बंदी चालू राहिली. लिथुआनियन छापायचे तर रशियन लिपीत, असा दंडक होता आणि लोकांनी अशा पुस्तकांकडे पाठ फिरवली. सीमेपलीकडे प्रशियात मात्र हीच भाषा लॅटिन लिपीत उघडपणे छापता येई. पहिले लिथुआनियन पुस्तक, मार्तीनास माझ्वीदास यांची धर्मप्रश्नोत्तरी, १५४७ मध्ये प्रशियातील कोनिग्सबर्ग येथेच छापले गेले होते. बंदीच्या काळात तिल्झित आणि आसपासच्या छापखान्यांतून निघालेली प्रार्थनापुस्तके, पंचांगे आणि नियतकालिके पोत्यांतून, गवताच्या गाड्यांतून, रात्रीच्या अंधारात सीमा ओलांडत. ती वाहून आणणाऱ्यांना ‘क्नीगनेशिस’, म्हणजे ग्रंथवाहक, असे नाव पडले. पकडले गेलेल्यांना तुरुंगवास आणि हद्दपारी भोगावी लागे. याब्लोन्स्किस चार वर्षांचे होण्यापूर्वी सुरू झालेली ही बंदी उठली, तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडलेली होती.

१८७२ ते १८८१ या काळात ते मारियाम्पोले येथील माध्यमिक शाळेत शिकले. या शाळेत लिथुआनियन हा ऐच्छिक विषय म्हणून उपलब्ध होता आणि त्या काळात ही सवलत विरळ होती. सुवाल्कियामध्ये भूदासपद्धती १८०७ मध्येच संपुष्टात आली असल्याने तेथील शेतकऱ्यांची स्थिती तुलनेने बरी होती. मुलाला शिकविण्याची ऐपत असलेली कुटुंबे येथे अधिक होती. लिथुआनियन पुनरुज्जीवनाचे अनेक अग्रणी याच भागातून आले, याचे कारण या परिस्थितीत सापडते.

१८८१ मध्ये याब्लोन्स्किस मॉस्को विद्यापीठात दाखल झाले आणि १८८५ मध्ये अभिजात भाषांचे शिक्षण पूर्ण करून बाहेर पडले. ग्रीक आणि लॅटिन हे त्यांचे विषय होते. परंतु तेथे लाभलेल्या दोन गुरूंनी त्यांच्या आयुष्याची दिशा ठरवली. फिलिप फोर्तुनातोव आणि फ्योदोर कोर्श हे दोघेही तौलनिक अभ्यासक होते आणि लिथुआनियनचे मोल जाणून होते. त्यांनी या विद्यार्थ्याला मातृभाषेच्या बोलींचा पद्धतशीर अभ्यास करण्यास प्रवृत्त केले.

३

पदवी मिळाली, पण लिथुआनियात शिक्षकाची जागा मिळाली नाही. कॅथलिक लिथुआनियन तरुणाला स्वतःच्या प्रदेशात सरकारी शिक्षक म्हणून न नेमण्याचे शासनाचे धोरण होते. काही काळ खाजगी शिकवण्या आणि मारियाम्पोलेच्या न्यायालयात कारकुनी करून त्यांनी दिवस काढले. १८८९ मध्ये यलगावा येथील शाळेत ग्रीक आणि लॅटिनचे शिक्षक म्हणून त्यांची नेमणूक झाली. यलगावा हे गाव आजच्या लॅटव्हियात, लिथुआनियाच्या सीमेपासून जवळ आहे. त्यामुळे तेथे लिथुआनियन विद्यार्थी मोठ्या संख्येने येत. याब्लोन्स्किस यांचे घर त्यांचे आणि लिथुआनियन कार्यकर्त्यांचे एकत्र येण्याचे ठिकाण झाले. पुढे स्वतंत्र लिथुआनियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झालेले आंतानास स्मेतोना हे येथील विद्यार्थ्यांपैकी एक.

शाळेच्या सुट्ट्यांत याब्लोन्स्किस खेडोपाडी जात आणि शेतकऱ्यांच्या बोलण्यातील शब्द, वाक्प्रयोग आणि विभक्तिरूपे टिपून घेत. पुढच्या सर्व व्याकरणांची सामग्री या टिपणांतून आली. त्यांच्या पूर्वसूरींपैकी बहुतेकांनी छापील धार्मिक वाङ्मयावर भिस्त ठेवली होती. त्या वाङ्मयावर पोलिश आणि जर्मन वाक्यरचनेचा दाट थर चढलेला होता. अशिक्षित खेडुताचे वाक्य हे भाषेच्या शुद्धतेचे अधिक विश्वसनीय प्रमाण आहे, ही याब्लोन्स्किस यांची धारणा या भटकंतीत पक्की झाली.

१८९६ मध्ये यलगावाच्या शाळेत लिथुआनियन विद्यार्थ्यांनी रशियन भाषेत प्रार्थना म्हणण्यास नकार दिला आणि त्यांना शाळेतून काढून टाकण्यात आले. त्याच वर्षी याब्लोन्स्किस यांची बदली दूर उत्तरेस, ताल्लिन येथे झाली. अंतर वाढले, पण काम थांबले नाही. आंतानास युश्का या धर्मगुरूने आयुष्यभर जमविलेल्या शब्दसंग्रहाचे संपादन सेंट पीटर्सबर्गची विज्ञान अकादमी करवून घेत होती. त्या कोशाच्या कामात याब्लोन्स्किस यांचा मोठा वाटा होता. कोशाचा पहिला भाग १८९७ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या साम्राज्यात लिथुआनियन प्रार्थनापुस्तक बाळगणे हा गुन्हा होता, त्याच साम्राज्याची अकादमी लिथुआनियन शब्दकोश छापत होती. शास्त्रीय कुतूहलाचा विषय म्हणून या भाषेला मान्यता होती, व्यवहाराची भाषा म्हणून नव्हती. हा भेद येथे उघड होतो.

४

१८९७ हे वर्ष आणखी एका कारणाने महत्त्वाचे आहे. त्या वर्षी रशियन साम्राज्याची जनगणना झाली आणि तीत मातृभाषेची नोंद घेण्यात आली. लिथुआनियन मातृभाषा असणारे सुमारे १२ लाख आणि झेमायती मातृभाषा असणारे सुमारे साडेचार लाख, असे दोन वेगळे आकडे तीत आढळतात. झेमायती ही वायव्य लिथुआनियाची बोली आहे. उर्वरित प्रदेशात आउक्श्ताइती या नावाने ओळखला जाणारा दुसरा बोलीसमूह आहे. दोहोंच्या उच्चारात आणि रूपांत पुष्कळ अंतर आहे. जनगणनेने त्यांना दोन भाषा मानले. विल्नियस या ऐतिहासिक राजधानीच्या शहरात तर लिथुआनियन मातृभाषा सांगणारे शेकडा दोनच्या आसपासच निघाले. तेथे यिडिश, पोलिश आणि रशियन यांचे प्राबल्य होते.

एकूण भाषिक सोळा लाखांवर होते, तरी त्यांना एकत्र बांधणारे लिखित रूप नव्हते. १८८३ मध्ये निघालेले ‘आउश्रा’ आणि १८८९ मध्ये निघालेले ‘वार्पास’ ही नियतकालिके प्रशियात छापून चोरून वाटली जात, पण त्यांच्या अंकांतून लेखागणिक लेखन बदलत असे. सिमोनास दाउकांतास आणि बिशप मोतिएयुस व्हालांच्युस यांचे लेखन झेमायती वळणाचे होते. अमेरिकेत स्थलांतरित झालेल्या लिथुआनियनांची पत्रे त्यांच्या त्यांच्या पद्धतीने छापली जात. या अवस्थेत संख्या कितीही असली तरी ती भाषिक समूहाची शक्ती होऊ शकत नव्हती.

याब्लोन्स्किस यांचे ‘लिथुआनियन भाषेचे व्याकरण’ १९०१ मध्ये तिल्झित येथे प्रसिद्ध झाले. लेखकाचे नाव पेत्रास क्रियाउशाइतिस असे छापले होते. त्या काळी वैद्यकाकडे वळलेले पेत्रास आविझोनिस यांनी केलेला मूळ आराखडा हाताशी घेऊन याब्लोन्स्किस यांनी तो आमूलाग्र नव्याने लिहिला होता. पोलिश वळणाची जोडाक्षरे सोडून चेक पद्धतीची चिन्हांकित अक्षरे घेण्याची जी प्रवृत्ती नियतकालिकांतून रुजत होती, ती या व्याकरणाने स्थिर केली. दीर्घ ऊकारासाठी वर आडवी रेघ असलेले जे अक्षर आजच्या ३२ अक्षरांच्या लिथुआनियन वर्णमालेत आहे, त्याच्या प्रवेशाचे श्रेय याब्लोन्स्किस यांना दिले जाते.

या व्याकरणाचा आधार म्हणून त्यांनी पश्चिम आउक्श्ताइती बोली, त्यातही सुवाल्कियातील रूप निवडले. ही त्यांची स्वतःची बोली होती, हे खरे. परंतु निवडीमागे इतर कारणेही होती. प्रशियातील लिथुआनियनांची बोली हिला सर्वांत जवळची होती. तिच्यात तीन शतकांची मुद्रणपरंपरा होती, क्रिस्तिओनास दोनेलाइतिस यांच्यासारख्या अठराव्या शतकातील श्रेष्ठ कवीचे काव्य होते, आणि श्लायखर व कुर्शात यांची व्याकरणे तिच्यावरच आधारलेली होती. शब्दान्तीचे प्रत्यय या बोलीत अधिक पूर्ण स्वरूपात टिकले होते. त्यामुळे इतर बोलींतील संक्षिप्त रूपे तिच्यावरून उलगडता येत. उलट प्रवास कठीण होता.

५

व्याकरण प्रसिद्ध झाले त्याच वर्षी याब्लोन्स्किस यांची ताल्लिनची नोकरी गेली. १९०२ मध्ये त्यांना प्स्कोव येथे हद्दपार करण्यात आले. १९०३ मध्ये परतण्याची अनुज्ञा मिळाल्यावर ते श्याउल्याय येथे आले आणि १९०४ च्या मे महिन्यात मुद्रणबंदी उठल्यानंतर विल्नियसला गेले. तेथे पेत्रास व्हिलेइशिस यांनी ‘व्हिल्नियाउस झिन्योस’ हे देशातील पहिले लिथुआनियन दैनिक सुरू केले. दैनिकाच्या भाषेची जबाबदारी याब्लोन्स्किस यांच्याकडे आली.

या टप्प्यावर त्यांच्या कार्याचे स्वरूप बदलले. दैनिकाला रोज नव्या विषयांवर लिहावे लागते. निवडणूक, कर, रोगराई, परराष्ट्रव्यवहार यांपैकी कशासाठीही शेतकऱ्याच्या बोलीत तयार शब्द नव्हते. पोलिश किंवा रशियन शब्द तसाच उचलणे हा सोपा मार्ग होता. याब्लोन्स्किस यांनी बोलीतील धातू आणि प्रत्यय यांच्या साहाय्याने शब्द घडविण्याचा मार्ग स्वीकारला. ही प्रक्रिया किती खोल गेली हे वारांच्या नावांवरून समजते. जुन्या बोलण्यात सोमवारला ‘पानेदेलिस’ असे स्लाव्ह मूळचे नाव होते. प्रमाणभाषेत ‘पिर्मादिएनिस’, म्हणजे पहिला दिवस, आणि पुढे ‘अन्त्रादिएनिस’, म्हणजे दुसरा दिवस, अशी संख्यावाचक नावे रूढ झाली.

शब्दांपेक्षाही वाक्यरचनेकडे त्यांचे लक्ष अधिक होते. परभाषेचा शब्द डोळ्यांत भरतो, परंतु परभाषेची विभक्तियोजना नकळत भाषेच्या अंगात भिनते, हे त्यांनी ओळखले होते. त्यांचा वाक्यविचारावरील ग्रंथ १९११ मध्ये आणि विभक्ती व शब्दयोगी अव्यये यांवरील ग्रंथ १९२८ मध्ये प्रसिद्ध झाला. स्लाव्ह वळणाच्या शब्दयोगी रचनांच्या जागी बोलीत टिकून असलेल्या शुद्ध विभक्तिरचना कशा योजाव्यात, याचे विवेचन या ग्रंथांत आहे. झेमायते या टोपणनावाने लिहिणाऱ्या शेतकरी लेखिकेच्या कथांचे संपादनही त्यांनी केले. तिच्या कथांची जिवंत लोकभाषा त्यांना फार मोलाची वाटे. तिचा झेमायती उच्चार प्रमाण लेखनात बदलला, पण तिचे वाक्य आणि शब्दसंपदा राहिली. पुढील लिथुआनियन गद्याला या संपादनाचा आधार मिळाला.

उदरनिर्वाहासाठीची भटकंती मात्र संपली नाही. १९०६ पासून पानेवेझिस, १९०८ पासून ब्रेस्त, १९१२ पासून ग्रोद्नो असे शिक्षकी पेशातील मुक्काम होत राहिले. पहिल्या महायुद्धात रणभूमी लिथुआनियात सरकली तेव्हा हजारो निर्वासितांबरोबर तेही रशियाच्या अंतर्भागात, व्होरोनेझ येथे गेले. तेथे निर्वासितांच्या मुलांसाठी लिथुआनियन माध्यमिक शाळा निघाल्या होत्या. मायभूमीपासून दूर, युद्धाच्या धामधुमीत, याब्लोन्स्किस त्या शाळेत लिथुआनियन शिकवीत होते. स्वतंत्र देशाच्या पहिल्या पिढीतील अनेक शिक्षित या शाळांतून तयार झाले.

६

१६ फेब्रुवारी १९१८ रोजी लिथुआनियाने स्वातंत्र्याची घोषणा केली. याब्लोन्स्किस त्याच वर्षी विल्नियसला परतले, परंतु शहराचा ताबा वारंवार बदलत होता. १९१९ मध्ये ते काउनासला आले आणि अखेरपर्यंत तेथेच राहिले. पोलंडने १९२० मध्ये विल्नियस घेतल्यावर काउनास ही तात्पुरती राजधानी झाली. आता भाषेला एकदम मंत्रालय, सैन्य, न्यायालय, रेल्वे आणि टपाल चालवायचे होते. त्यासाठी लागणारे व्याकरण तयार होते. त्याची नवी आवृत्ती १९१९ मध्ये आणि विस्तारित स्वरूपात १९२२ मध्ये निघाली. हा ग्रंथ शाळांतून आणि कचेऱ्यांतून प्रमाण मानला गेला.

१९२२ मध्ये काउनास येथे विद्यापीठ स्थापन झाले आणि याब्लोन्स्किस यांना सन्माननीय प्राध्यापकपद देण्यात आले. त्या वेळी अर्धांगाच्या विकाराने त्यांना चालता येत नव्हते. चाकांच्या खुर्चीत बसून ते व्याख्याने देत. १९२६ पर्यंत त्यांनी अध्यापन केले. ग्रीक, लॅटिन आणि रशियनचे शिक्षक म्हणून अर्धे आयुष्य परमुलखात घालवलेल्या या माणसाला आपल्या भाषेतून, आपल्या भाषेविषयी, आपल्या देशाच्या विद्यापीठात बोलण्याची संधी साठी ओलांडल्यावर मिळाली. २३ फेब्रुवारी १९३० रोजी काउनास येथे त्यांचे निधन झाले. त्यांचे पुत्र कोन्स्तांतिनास याब्लोन्स्किस हे इतिहासकार म्हणून प्रसिद्धीस आले.

७

याब्लोन्स्किस यांच्या कार्याचे मूल्यमापन करताना त्यांच्या समकालीनांशी तुलना आवश्यक ठरते. काझिमिएरास याउनियुस हे बोलींचे सूक्ष्म जाणकार होते. त्यांचे शिष्य काझिमिएरास बूगा हे ऐतिहासिक भाषाशास्त्रात याब्लोन्स्किस यांच्यापेक्षा निःसंशय श्रेष्ठ होते. बूगा यांनी सुरू केलेल्या बृहत्कोशाचे काम त्यांच्या १९२४ मधील अकाली मृत्यूनंतर इतरांनी पुढे नेले आणि १९४१ ते २००२ या काळात त्याचे वीस खंड प्रसिद्ध झाले. याब्लोन्स्किस यांची दृष्टी इतिहासकाराची नव्हती. एखादे रूप किती जुने आहे यापेक्षा ते आज कोणाच्या तोंडी आहे आणि उद्याच्या लेखनात चालेल काय, हे ते पाहत.

त्यांच्या भूमिकेची मर्यादाही लक्षात घेतली पाहिजे. एका बोलीला प्रमाण मानणे म्हणजे इतरांना घराच्या आत ठेवणे असते. दाउकांतास आणि व्हालांच्युस यांच्या लेखनाचा वारसा असलेल्या झेमायतीला प्रमाणभाषेच्या घडणीत शब्द पुरविण्याचे काम मिळाले, रूप ठरविण्याचे नाही. १८९७ च्या जनगणनेने वेगळा मोजलेला हा समूह प्रमाण लिथुआनियनमध्ये सामावला गेला. परंतु २०१० मध्ये झेमायतीला आंतरराष्ट्रीय भाषा-संकेतप्रणालीत स्वतंत्र संकेत मिळाला, यावरून तो प्रश्न पूर्ण मिटलेला नाही असे दिसते. त्याचप्रमाणे शुद्धतेचा जो आग्रह परभाषांच्या दडपणाखाली संरक्षक ठरला, तो स्वराज्यात कधी कधी जाचक वाटू लागला. पोलिश वळणाचे म्हणून जे ‘डब्ल्यू’ हे अक्षर लिथुआनियन लेखनातून गेले होते, ते व्यक्तिनामांपुरते अधिकृत दस्तऐवजांत लिहिण्याची मुभा देणारा कायदा २०२२ मध्ये झाला, तोही दीर्घ वादानंतर.

तरीही मुख्य गोष्ट कायम राहते. १९४० नंतरच्या सोव्हिएत काळात रशियनचे वर्चस्व असूनही लिथुआनियन शाळा, वर्तमानपत्रे आणि विद्यापीठीय अध्यापन चालू राहिले, कारण त्या सर्वांना पुरेल अशी घडीव प्रमाणभाषा हाताशी होती. नोव्हेंबर १९८८ मध्ये तिला पुन्हा राज्यभाषेचा दर्जा मिळाला, १९९२ च्या संविधानाने तो कायम केला आणि १ मे २००४ पासून ती युरोपीय संघाच्या अधिकृत भाषांपैकी एक झाली. आज देशात आणि देशाबाहेर मिळून सुमारे ३० लाख लोक ती बोलतात. युरोपातील मोठ्या भाषांच्या तुलनेत ही संख्या लहानच आहे आणि १८९७ च्या एकत्रित आकड्याच्या दुपटीहूनही कमी आहे. परंतु त्या वेळी जी भाषा विल्नियसच्या रस्त्यावर क्वचित ऐकू येई, तिच्यात आज त्या शहरातील संसदेचे आणि विद्यापीठाचे कामकाज चालते. जनगणनेच्या आकड्यांतून हा विस्तार मोजता येत नाही. तो ज्या व्याकरणामुळे शक्य झाला, ते १९०१ मध्ये टोपणनावाने छापून सीमेपलीकडून आणावे लागले होते.